रोहे, दूध बघ गं

"रोहे, दूध बघ गं."

ही हाक पहिल्यांदा ऐकली तेव्हा मी आठ-नऊ वर्षांची असेन. बार्शीतलं आमचं घर, संध्याकाळचे साडेसात, टीव्हीवर कुठलातरी सिनेमा. पडद्यावरची दोघं बोलता बोलता गप्प झाली, एकमेकांच्या जवळ सरकली, आणि आईचा आवाज आला. मी पळत स्वयंपाकघरात गेले. शेगडी रिकामी. दुधाचं पातेलं फ्रीजमध्ये, गारढोण. मी तशीच बाहेर येऊन सगळ्यांदेखत सांगितलं की दूध तर ठेवलंच नाहीये. आप्पांना खोकला आला. दादा छताकडे बघून हसत राहिला.

मग कळत गेलं. प्रत्येक घराची अशी एक रीत असते, आमच्या घराची ही होती. तसला प्रसंग आला की आप्पा खोकायचे. दादा रिमोट शोधायचा, जो त्याच्याच मांडीखाली असायचा. आणि मी दूध बघायला जायची. आप्पांचं मंडईजवळ शिलाईचं दुकान, बायकांच्या ब्लाउजांसाठी सगळ्या पेठेत नावाजलेलं. आई कधीतरी टोमणा मारायची, "गावच्या बायांची मापं घेतात, तेव्हा नाही कधी खोकला येत." आप्पा म्हणायचे, ते काम आहे. आई म्हणायची, मग हेही बघा की काम समजून.

पण मला आठवतं ते बाहेरचं नाही, आतलं. कधीकधी माझ्यामागोमाग आईही यायची. "थांब, मीच बघते," असं बाहेर ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणत. मग आम्ही दोघी रिकाम्या शेगडीपुढं उभ्या राहायचो. बाहेरचा प्रसंग दोन मिनिटांत संपून मारामारी सुरू झालेली असायची, आमचं बोलणं मात्र चालू. नजर शेगडीवर, जणू खरंच तिथं काही उतू जाणार आहे. पाळी म्हणजे काय ते तिनं मला तिथं सांगितलं. वर्गातल्या एका मुलाचे मेसेज येतात हे मी तिला तिथं सांगितलं. माझ्या आधी तिचं एक मूल पोटातच गेलं होतं, तेही तिथंच कळलं. असलं काही एकमेकींच्या तोंडाकडे बघत आम्हाला कधीच बोलता आलं नसतं.

आईच्या आईकडे जातं होतं. आईकडे मिक्सर. पण कणीक मळताना ती गुणगुणायची, आपल्याच हातांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात:

अंगीचं दुखणं बाई, दळून टाकिलं पिठात
घरानं गोड खाल्लं, माझ्या राहिलं ओठात

मी एकदा विचारलं, हे कुणाचं? ती म्हणाली, कुणाचं का असेना, पीठ मऊ होतंय ना.

*

पुढं मी शिकले ते यंत्राला माणूस वाचायला शिकवण्याचं. पुण्यातल्या एका कंपनीत लागले. तिथं आम्ही जी वस्तू केली तिचं नाव मीच सुचवलं होतं: पदर.

साबणाच्या वडीएवढी डबी. टीव्हीखाली ठेवायची. तिच्यातून रडारच्या बारीक लहरी निघतात. त्या कपड्यांतून आरपार जातात, माणसाच्या छातीवर आपटून परत येतात. छाती केसभर वरखाली झाली तरी परतणाऱ्या लहरीत फरक पडतो, आणि त्या फरकावरून डबीला प्रत्येकाचा श्वास कळतो, हृदयाचे ठोके कळतात. जोडीला एक उष्णता बघणारा डोळा. कानाच्या पाळ्या तापल्या, गाल तापले, की त्याला दिसतं. माणसाला भीती वाटते तेव्हा श्वास भराभर होतो. आवडतं तेव्हा खोल होतो. पण अवघडल्यावर तो अडतो, अंग थिजतं, चिवड्याच्या ताटलीकडे निघालेला हात अर्ध्यात थांबतो, आणि हे खोलीतल्या सगळ्यांचं एकाच क्षणाला होतं. चार जणांचे श्वास एकदम अडले, तर ती लाज. एवढं सोपं.

उरलेलं काम त्याहून सोपं निघालं. कार्यक्रम दिसतो त्याच्या तीन मिनिटं आधीच डबीत उतरलेला असतो. या घराला पेलणार नाही असं काही पुढं आहे, हे तिनं आधी अडलेल्या श्वासांवरून ओळखलं की ती ते नव्यानं रंगवते. तेच नट, तेच कपडे, तोच आवाज, फक्त ती दोघं बिछान्याऐवजी खिडकीशी उभी राहून चहा पितात. जोड दिसत नाही. आप्पांच्या भाषेत सांगायचं तर टीप आतून घातलेली.

सुरुवातीला नियम असा होता की निदान दोघं अवघडली तरच झाकायचं. तो नियम मी बदलायला लावला. बैठकीत मी म्हणाले होते की आमच्याकडे एकाची लाज ती सगळ्यांची असते, आणि बहुतेक वेळा ती घरातल्या बाईची असते, जी तोंडानं काही म्हणत नाही. तिच्या एकटीचा श्वास अडला तरी झाकलं पाहिजे. सगळ्यांनी टेबल वाजवलं. मला तेव्हा आईचाच चेहरा दिसत होता. तिला आता खोटं बोलून कुणाला उठवावं लागणार नाही, एवढंच माझ्या मनात होतं.

चाचणीसाठी काही घरं हवी होती. मी आमचं दिलं.

*

पहिले दोन महिने घर जत्रेसारखं होतं. रोज संध्याकाळी सगळे टीव्हीपुढं. आप्पांचा खोकला गेला. दादा सोफ्यावर पाय पसरून बसायला लागला. आई फोनवर कौतुकानं सांगायची, "सिनेमे किती सुधारले गं आता. सारखं चहाच पितात." मी हसायची. तिला डबीचं माहीत होतं, तरी ती असं म्हणायची.

एक गोष्ट तेव्हा माझ्या लक्षात आली नाही. त्या डबीनंतर आमच्या घरात सिनेमाच्या मध्येच कुणीही उठलं नाही.

बघता बघता पदर साठ लाख घरांत गेला. आणि तो शिकत गेला. आम्हीच त्याला शिकायला सांगितलं होतं. अमकं झाक आणि तमकं झाकू नको, असं त्याला कुणी शिकवलं नव्हतं. श्वास अडला की झाक, एवढंच. त्यानं एका घरात घटस्फोट झाकला, कारण थोरली लेक माहेरी येऊन राहिली होती. एका घरात दारूडा बाप झाकला. एका घरात मूल नसलेली बाई होती, तिथं पाळणा दिसेना. आमच्याकडे तक्रारीचं पत्र एकही आलं नाही. कुणी कशाची तक्रार करणार? जे दिसलंच नाही त्याची?

जाहिराती झाकताना डबी फार मेहनत घेत नसे. प्रत्येक घराचा श्वास कशानं निवतो ते तिनं हेरून ठेवलेलं असायचं, तेच चित्र ती लावायची. कुणाकडे देवघर, कुणाकडे समुद्र. आमच्या घरासाठी तिनं ज्वारीचं शेत निवडलं होतं. कणसं भरलेली, वाऱ्यानं एका अंगाला कललेली. आईच्या माहेरी तसं शेत होतं.

*

तीन वर्षांपूर्वी दिवाळीला घरी गेले होते. भाऊबीजेची संध्याकाळ. आप्पा, दादा, आई, मी, आणि मध्ये चकल्यांचं ताट. कौटुंबिक मालिका चालू होती, सासू-सुना एकमेकींना लाडू भरवत होत्या. मालिका थांबून जाहिराती लागल्या आणि ज्वारीचं शेत आलं.

बाकीच्यांना ते नुसतं शेत होतं. मी ते यंत्र केलेलं. मला त्या शेताखाली काहीतरी झाकलेलं दिसलं. पाच मिनिटांनी पुन्हा शेत. पुन्हा वारा, पुन्हा कणसं.

तेवढ्यात आई म्हणाली, "रोहे, दूध बघ गं जरा."

आम्ही सगळे तिच्याकडे बघायला लागलो. टीव्हीवर शेत होतं, नुसतं शेत. दादाला हसू फुटलं. तो म्हणाला, आईला कणसांची पण लाज वाटायला लागली. मीही हसले आणि म्हणाले, "आई, आता पदर आहे ना. उठायची गरजच नाही कुणाला."

आईही हसली. "सवयीनं निघालं बघ तोंडातून," म्हणाली आणि चकलीचा तुकडा मोडत बसली. तो तिनं खाल्ला नाही. ताटाच्या कडेला ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती आंघोळीला गेलेली असताना मी घराची नोंद उघडली. चाचणीच्या घरांची नोंद आम्हाला उघडता यायची. काय झाकलं, कधी झाकलं, कुणाच्या श्वासावरून झाकलं. दिवाळीच्या आधीच्या दोन महिन्यांत एकच जाहिरात एकोणीस वेळा झाकली होती. आरोग्य खात्याची. पांढऱ्या कोटातली बाई सांगते, पाळी बंद होऊन वर्ष उलटल्यावर पुन्हा रक्त दिसलं तर लाजू नका, लगेच तपासून घ्या. पुढच्या रकान्यात: सुरेखा. एकटी. एकोणीस वेळा.

सुरेखा म्हणजे आई.

न्हाणीघरातून पाण्याचा आवाज येत होता. मी नोंद बंद केली. स्वतःला म्हणाले, आईला असल्या शब्दांचाच संकोच. आप्पा शेजारी, दादा शेजारी, श्वास अडणारच. म्हणाले, दुसऱ्याच्या घराची नोंद असं चोरून वाचणं बरं नव्हे. आपल्याच घराला मी दुसऱ्याचं घर म्हणाले. ती केस पुसत बाहेर आली तेव्हा मी विचारलं, "तब्येत बरी आहे ना गं?" ती म्हणाली, "मला काय धाड भरलीय?" आणि मी दुपारच्या गाडीनं पुण्याला आले.

पुण्यात आल्यावर मी सगळ्या घरांचा आकडा काढला, नावं नसलेला. ती जाहिरात ज्या बायकांचा श्वास अडवत होती, नेमक्या त्यांच्याचपर्यंत ती पोचत नव्हती. मी ते वरच्यांना दाखवलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं की एकाच्या श्वासावर झाकायचा नियम कुणी आणला होता. ते म्हणाले, लोकांना तोच आवडलाय, तो काढला तर डबी कोण घेईल? मी खाली येऊन माझ्या जागेवर बसले. नोकरी सोडली नाही. घरी फोनही केला नाही. म्हणजे केला, रोज करायची. काय जेवलीस, आप्पांचे गुडघे कसे आहेत, हे सगळं विचारायची.

*

या वर्षी संक्रांतीनंतर आई मोरीत चक्कर येऊन पडली. सोलापूरला नेली. डॉक्टर वयानं माझ्याएवढीच. तिनं आप्पांना आणि दादाला बाहेर बसवलं, मग आईला विचारलं, रक्त किती दिवसांपासून जातंय?

आईनं माझ्याकडे पाहिलं, मग भिंतीवरच्या कॅलेंडरकडे. "थोडे दिवस झाले," म्हणाली.

थोडे म्हणजे?

"असतील की. कोण मोजतंय?"

मला आकडा माहीत होता. निदान तीन वर्षं. मी आईची पिशवी मांडीवर धरून बसले होते, तिची चेन उघडत होते, लावत होते.

डॉक्टरनं मला नंतर एकटीला बोलावलं. गर्भाशयाच्या अस्तरातून सुरुवात, आता यकृतात आणि फुप्फुसांत. हिला फार आधी खूण दिसली असणार, ती म्हणाली, या आजारात बाईला खूण लवकर दिसते, हेच तर यातलं चांगलं असतं. वेळेवर गर्भपिशवी काढली तर पुष्कळ बायका बऱ्या होतात. ती दोष माझ्यावर ठेवत नव्हती. सगळ्यांनाच सांगत असेल तसं सांगत होती. मी विचारलं, आता किती? ती म्हणाली, उन्हाळा निघेल असं मी म्हणणार नाही.

बाहेर आप्पा बाकावर बसले होते. त्यांनी विचारलं, काय निघालं? मी म्हणाले, पोटाचं आहे. "पोटाचं" एवढ्यावर त्यांनी मान हलवली आणि पुढं काही विचारलं नाही. चाळीस वर्षं त्यांनी शिवलेल्या ब्लाउजांत आईचं माप सगळ्यात जास्त वेळा घेतलं असेल. वर्षभरात ते दोनदा आत घ्यावं लागलं होतं, हे त्यांनी मला गाडीत सांगितलं.

*

आईची कॉट बाहेरच्या खोलीत आणली, टीव्हीसमोर. मी रजा काढून आले होते. दुपारच्या वेळी ती टेकून बसायची, आम्ही तिघं तिच्या भोवती.

आणि टीव्हीवर ज्वारी होती.

आता तिचा श्वास प्रत्येक गोष्टीला अडत होता. दवाखाना दिसला, अडला. कुणी म्हातारं झालेलं दिसलं, अडला. पोरीचं लग्न, नातवाचं बारसं, पुढच्या वर्षीचं काहीही. तिचा नसेल तर आप्पांचा अडायचा, आप्पांचा नसेल तर दादाचा. डबी इमानदारीनं झाकत होती. एक जुना सिनेमा लावला, त्यातली आई शेवटी मरते हे आम्हा सगळ्यांना पाठ होतं. आमच्या टीव्हीवर ती मेली नाही. गच्चीवर पापड वाळत घालत बसली. बातम्या लावल्या तर अर्धा तास कणसं. चौघं जण त्या वाऱ्याकडे बघत बसलेले, कुणी कुणाशी बोलत नाही, आणि सगळ्यांचे श्वास अगदी नीट चाललेले.

चार दिवस मी ते पाहिलं. पाचव्या दिवशी उठले, डबीची वायर काढली आणि ती टीव्हीखालून उचलून बाजूला ठेवली. दादा म्हणाला, अगं राहू दे की, उगाच आईला त्रास. आईच म्हणाली, "काढ. शेत बघून बघून पायाला ढेकळं लागायला लागली."

चॅनल फिरवता फिरवता एक सिनेमा लागला. नवा होता, आम्ही कुणी पाहिलेला नव्हता. एक बाई, एक पुरुष, भाड्याची खोली. दोघं भांडत होती. भांडता भांडता बाई रडायला लागली, पुरुषानं तिला जवळ घेतलं, आणि मग ते नुसतं जवळ घेणं राहिलं नाही.

पाच वर्षांनी आमच्या घरात तो क्षण आला. दादाचा हात मांडीखाली गेला. आप्पांना खोकला आला, आधी बळेच, आणि मग खरोखरचा; डोळ्यांतून पाणी येईपर्यंत ते खोकत राहिले.

"रोहे," आई म्हणाली, "दूध बघ गं."

मी उठले. स्वयंपाकघरात जाऊन शेगडीपुढं उभी राहिले. शेगडी रिकामी. सकाळचं दूध झाकून ठेवलेलं, त्यावर साय धरलेली. बाहेर आईचा आवाज आला, "थांब, मीच बघते." मग दादाचा, तू कुठं निघालीस, मी धरतो. मग आईचा, "बस तू. बाईमाणसांचं काम आहे."

भिंतीला हात लावत ती आली. कॉटपासून शेगडीपर्यंत अकरा पावलं, ती तिनं किती वेळात टाकली सांगता येत नाही. मी पुढं झाले नाही. पुढं झाले असते तर तिच्या तोंडाकडे बघावं लागलं असतं. ती येऊन माझ्याशेजारी उभी राहिली, ओट्याला टेकून. तिच्या अंगाला औषधांचा वास येत होता. आम्ही दोघी रिकाम्या शेगडीकडे बघत राहिलो.

"ती दिवाळी आठवते?" आई म्हणाली. "मी तुला दूध बघायला सांगितलं होतं."

मी हं म्हणाले.

"टीव्हीवर काहीच नव्हतं तेव्हा. मला तुलाच आत न्यायचं होतं. म्हटलं, इथं आली की सांगावं. भाद्रपदापासून जात होतं मला. आधी डाग, मग जास्त. तुझ्या आप्पांना कसं सांगणार? म्हटलं, रोही शिकलेली आहे, तिला सांगावं." ती थांबली. दम लागला होता. "तू उठली नाहीस. मग म्हटलं, जाऊ दे. पुढच्या खेपेला सांगू. मग पुढं कधी कुणी उठलंच नाही बघ."

बाहेर सिनेमातली दोघं पुन्हा बोलायला लागली होती, साधं काहीतरी, भाड्याचं. आप्पांचा खोकला थांबला होता.

"तुझी काही चूक नाही गं," आई म्हणाली. तिनं माझ्या पाठीवर हात ठेवला. हाताला काही वजन नव्हतं. "तुला काय माहीत?"

त्या हातानं मला मोकळं केलं होतं. मी नुसतं हो म्हटलं असतं तर तेवढं घेऊन ती गेली असती, आणि कधी कुणाला काही कळलं नसतं. मी शेगडीकडे बघत राहिले. मग शेगडीकडे बघणं सोडलं आणि तिच्याकडे वळले.

"आई, मला माहीत होतं. त्याच दिवाळीत, दुसऱ्या दिवशी सकाळी, तू आंघोळीला गेली होतीस तेव्हा मी त्या डबीतली नोंद वाचली. तुझं नाव होतं, एकोणीस वेळा. कशासाठी तेही लिहिलेलं होतं. मी तुला विचारलं नाही. मला लाज वाटली."